वाघीण तेव्हा कुठे असते?

आमच्या घरात ओला टॉवेल पलंगावर पडलेला असतो, त्यालाही शास्त्रीय कारण आहे. नर आपल्या हद्दीत खुणा सोडतो. लग्न झाल्यापासून मी तो टॉवेल उचलते आहे, पण ती हद्दीची खूण आहे हे मला ह्यांच्या निवृत्तीनंतर कळलं. तोवर मी त्याला आळस म्हणत होते.

हे, म्हणजे माझे यजमान, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. नोकरी होती तोवर बरं चाललं होतं, सगळे वाघसिंह कॉलेजात राहायचे. निवृत्तीनंतर ते घरी आले. कुणीतरी ह्यांना जोडप्यांसमोर बोलायला बोलावलं, विषय दिला 'नराला समजून घेताना', आणि ते असं काही जमलं की आता ह्यांची तारीख मिळत नाही. पडद्यावर सिंह झोपलेला, खाली बायका हसतायत आणि नवरे त्यांना कोपराने ढोसतायत, बघ, मी काय सांगत होतो! रस्ता चुकला तरी कुणाला पत्ता विचारायचा नाही, कारण शिकारी आपली वाट आपण शोधतो. फ्रीजमध्ये नाकासमोर ठेवलेला डबा दिसत नाही, कारण नराचे डोळे लांबचं बघायला घडलेत. मी एकदा म्हटलं, "अहो, पेंग्विनचा नर पायांवर अंडं घेऊन बर्फात उभा राहतो म्हणे. त्याचं चित्र दाखवा की." तर म्हणाले, "तो अपवाद आहे." कामाला हात लावणारा नर दिसला की तो अपवाद!

सगळ्यात गाजलेला भाग गुहेचा. नराला ताण आला की तो गुहेत जातो. अशा वेळी त्याला हाक मारायची नाही, काय झालं विचारायचं नाही, तो आपणहून बाहेर येतो. इथे पडद्यावर एक चित्र येतं: आत अंधारात वाघ आणि गुहेच्या तोंडाशी शांत बसलेली वाघीण. हे म्हणतात, "बघा, ती वाट बघते आहे." टाळ्या. घरीसुद्धा हे मधूनच तोंडात मिठाची गुळणी धरून अभ्यासिकेत जाऊन बसतात. माझं एक बरं आहे, मी लोकांच्या घरांचे पडदे शिवते. मशीन सुरू केलं की कुणी बोललं काय आणि न बोललं काय, सगळं सारखंच.

त्या दिवशी दुपारी मी एका लांबलचक पडद्याला चुण्या घालत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात आमची मुलगी, हातात मोठी बॅग आणि भर उकाड्यात गळ्याभोवती स्कार्फ.

"हे काय गं, एवढ्या उन्हात?"

"घसा धरलाय," ती म्हणाली. "थोडे दिवस राहते."

ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि काही न बोलता पडद्याची दुसरी कड घेऊन टाके घालायला लागली. लहानपणापासूनची सवय आहे तिची, मन ठिकाणावर नसलं की सुई हातात घेते. मी विचारलं, भांडण झालं का? ती म्हणाली, "भांडायला समोरचा बोलावा लागतो. तो बोलतच नाही."

हे ऐकताच आमचे प्रोफेसर अभ्यासिकेतून बाहेर आले. टॉवेल उचलायला कधी एवढ्या चपळाईने आले नाहीत.

"गुहा!" हे म्हणाले. "पिल्लू, अगदी काळजी करू नकोस. कामाचा ताण असेल. त्याला छेडू नकोस. नर बोलत नाही म्हणजे तो रागावलेला असतो असं नाही..."

"अहो, ती जेवली का ते तरी विचारा."

"तेच सांगतोय. मादी लगेच बोलून मोकळी होते, म्हणून तिला वाटतं..."

पोरगी मान खाली घालून टाके घालत राहिली. हे उभ्याउभ्या अख्खं व्याख्यान देऊन मोकळे झाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर बॅग घेऊन माहेरी आली आहे, डोळ्यांखाली काळं पडलंय, आणि हे तिला मेंदूतलं कुठलं केंद्र कधी बंद होतं ते समजावतायत! मी मशीनचं पायडल दाबलं ते दाबलंच.

आता जावयाचंही सांगायला हवं. तो लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. माणूस वाईट नाही. लग्नाआधी ह्यांच्या प्रत्येक व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसायचा, मुलगी तेव्हा ह्यांचा माइक आणि पडदा सांभाळायची, तिथेच दोघांचं जुळलं. अजूनही सासऱ्यांना तो 'सर' म्हणतो. हे त्याला आपला सर्वांत उत्तम विद्यार्थी म्हणतात.

संध्याकाळी तो आला. मला वाटलं होतं चेहरा पाडून येईल. हा हसतमुख, हातात फळांची पिशवी, बूट दारात नीट जोडून ठेवलेले.

"चल, निघू या," तो मुलीला म्हणाला. "आता काही नाही. मी बाहेर आलोय."

"कुठून बाहेर?" मी विचारलं.

"गुहेतून," तो म्हणाला. थट्टा नव्हे, अगदी सरळपणे. "मधले दिवस जरा कठीण होते, आई. पण सरांनी सांगितलंय तसं तिने मला एका शब्दाने छेडलं नाही. फार समजूतदार आहे."

मी कपाळावर हात मारून घेतला. ह्यांचा चेहरा मात्र खुलला होता. विद्यार्थ्याने पैकीच्या पैकी गुण मिळवले की खुलतो तसा.

"बघ, पिल्लू," हे म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? आपणहून आला. जा आता घरी. मी तर म्हणतो आजच जा."

मुलीने सुई पडद्यात खोचून ठेवली. आता ती उठणार, बॅग उचलणार आणि ह्याच्या मागोमाग जाणार, असं मला वाटलं. एकदा ह्या हिशोबाने गेली की जन्मभर दाराशी बसून राहणार.

ती उठली नाही. तिने विचारलं, "बाबा, वाघ गुहेत असतो, तेव्हा वाघीण कुठे असते?"

"म्हणजे?"

"खरी वाघीण. जंगलातली."

ह्यांच्याबद्दल मी हजार तक्रारी करीन, पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. प्राण्यांबद्दल सरळ प्रश्न विचारला की ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही.

"ती तिच्या हद्दीत असते," हे म्हणाले. "वाघ एकेकटे राहतात."

"आणि पिल्लं?"

"तिची ती वाढवते. एकटीच."

"म्हणजे तो बाहेर येतो तेव्हा ती तिथे वाट बघत बसलेली नसते?"

"नसते. तिला कशाला..."

"तुमच्या चित्रात तर बसली आहे."

"ते दोन फोटो आहेत," हे हळूच म्हणाले. "जोडलेत. लोकांना समजायला सोपं जावं म्हणून."

जावई गोंधळून एकदा हिच्याकडे बघत होता, एकदा ह्यांच्याकडे. "पण सर, मी तर तुम्ही सांगितलं तसंच केलं," तो म्हणाला. "रिपोर्ट येईपर्यंत शांत राहिलो. आज सकाळी रिपोर्ट चांगला आला, तेव्हा म्हटलं आता..."

"कसला रिपोर्ट?" मी आणि हे एकदमच बोललो.

मुलीने स्कार्फ सोडला. गळ्याला खालच्या बाजूला पांढरी पट्टी होती. बोटाएवढी.

"गाठ होती," ती म्हणाली. "काढली. तपासायला पाठवली होती. साधीच निघाली. गाठ आहे म्हणून सांगितलं, त्या संध्याकाळपासून हा बोलायचा बंद झाला. दवाखान्यात मी एकटी गेले. सही करायला नातेवाईक कोण आहे विचारलं, तर म्हटलं, आहे, पण सध्या गुहेत आहे. नर्स हसली. तिला वाटलं विनोद केला."

मी तिच्यावरच ओरडले. "आणि मला का नाही सांगितलंस? आई मेली होती का तुझी?"

"तुला सांगितलं असतं तर बाबांना कळलं असतं," ती म्हणाली. "आणि बाबांनी मला, तो का बोलत नाही, हे समजावून सांगितलं असतं."

तिने आवाज चढवला नव्हता. हे तिथेच खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. ह्या माणसाला पडलेल्या पिसावरून पक्षी ओळखता येतो. दुपारपासून पोर समोर स्कार्फ गुंडाळून बसली होती.

जावई खाली बघत म्हणाला, "मी घाबरलो होतो."

"मीपण," ती म्हणाली. "तेवढं म्हणाला असतास तर दोघं मिळून घाबरलो असतो. आज मी येत नाही. कधी येईन ते मला ठाऊक नाही. तू वाट बघू नकोस असं म्हणत नाही, पण बघायची तर तू बघ."

तो बराच वेळ दारात बुटांच्या नाड्या बांधत राहिला. काहीतरी बोलायचं होतं त्याला, ते कळत होतं, पण सवय मोडली असावी. गेला.

मी वळून बघते तर हे खोलीत नाहीत. अभ्यासिकेचं दार बंद! माझा संताप अनावर झाला. म्हणजे आता हे आत जाऊन बसणार, आणि मी बाहेर चहा ठेवायचा? मी हातातली कात्री टाकली आणि दार फोडायच्याच तयारीने निघाले. मी पोचायच्या आत दार उघडलं. ह्यांच्या हातात उशी होती, अभ्यासिकेतल्या आरामखुर्चीवरची, ह्यांची एकट्याची. तिला कुणी हात लावलेला ह्यांना चालत नाही.

ती उशी ह्यांनी मुलीच्या पाठीमागे भिंतीशी लावली. मग गुडघे मोडत मोडत तिच्यासमोर जमिनीवर बसले, आणि पुन्हा काही शास्त्र निघणार म्हणून मी तोंड उघडलं.

"टाके घालताना दुखलं का गं?" ह्यांनी विचारलं.

दिवसभर न रडलेली पोर रडायला लागली. मग सांगू लागली, सुई कशी टोचली, दिवा कसा डोळ्यांवर होता, बाहेरच्या बाकावर सगळ्यांबरोबर कोणी ना कोणी होतं. खूप वेळ सांगत होती. हे मध्ये एक शब्दही बोलले नाहीत.