अलाबामाचा कौल

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टॅलबर्ट नावाचं गाव आहे. तिथलं चर्च वेननं जाळलं नव्हतं. देवीनं उजवा कौल दिला आणि गावकीनं एकमतानं वेनला सोडून दिलं.

पण हे अजून घडलेलं नाही. अजून वेन आरोपी आहे, देवी देवळात निवांत आहे, आणि माणगावपासून तासाभरावरच्या एका गावात क्रांती पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली आहे. आपण काही ऐकलेलं नाही.

ऐकत होती ती क्रांती. इअरफोनचा एक कान शेळीनं खाल्ला होता, म्हणून मोबाईल मोठ्यानं लावलेला. पॉडकास्ट होता अलाबामातल्या खऱ्या घटनेवरचा. क्रांतीनं ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये चार वर्षं त्याच भागातल्या लोकांच्या गवत कापायच्या यंत्रांच्या तक्रारी ऐकलेल्या. त्यामुळे निम्मा शब्द तोंडातच ठेवून बोलणारी ती माणसं तिला सख्ख्या चुलत्यांसारखी कळायची.

कुंपणापलीकडून सखूबाईचं डोकं वर आलं.

"काय गं मोबाईल, कोण रडतंय तुझ्यात?"

सखूबाईनं मोबाईललाच विचारलं, कारण येसाजीच्या घराशी गाव बोलत नव्हतं, आणि क्रांती येसाजीची मुलगी. माणसाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे हे गावाला माहीत होतं. म्हणून गावानं कुणाला वाळीत टाकलं नव्हतं. बोलायचं तेवढं सगळ्यांच्या एकदमच लक्षातून गेलं होतं. पाच शिमगे घरोघर थांबणारी देवीची पालखी येसाजीच्या दारावरून न थांबता गेली. सहावा शिमगा महिन्यावर आला होता.

कारण टोप. गावकीचा तांब्याचा टोप, चार माणसांनी उचलायचा. निसर्ग चक्रीवादळात अठ्ठावीस घरांचे पत्रे उडाले, शाळेचं छप्पर शेजारच्या गावात जाऊन पडलं, समाजमंदिरातल्या भांड्यांच्या खोलीची अख्खी भिंत गेली. हे सगळं वाऱ्यानं केलं, ते गावाला मान्य. टोप मात्र येसाजीनं नेला. कारण त्या खोलीची चावी त्याच्याकडे होती, आणि भिंत पडूनही कुलूप जागच्या जागी होतं. गावकीला एवढा पुरावा पुरला.

मोबाईलला मराठी येत नसल्यानं उत्तर क्रांतीनं दिलं. "चर्च जळलं. छत्तीस वर्षं झाली. झाडलोट करणाऱ्या वेनकडे चावी होती, म्हणून गावानं त्याच्यावर आळ घेतला. तेव्हापासून त्याच्याशी कुणी बोलत नाही."

"अगो बाय! आणि गाव सोडून न्हाय गेला?"

"नाही. तिथेच आहे. ऐंशीचा झालाय."

"आग लागली तेव्हा बाया काय करत व्हत्या?"

"घरोघरून बटाट्याचं कायतरी करून घेऊन आल्या."

"आगीला बटाटा?"

"दुःखाला. तिकडे तशी पद्धत आहे."

सखूबाईला ही पद्धत पटली. दुसऱ्या दिवशी ती जावेला घेऊन आली. चौथ्या भागापर्यंत अकरा माणसं झाली. ती अंगणात आली नाहीत, कारण अंगणात आलं की येणंजाणं झालं. ती रस्त्यात उभी राहिली. रस्ता ग्रामपंचायतीचा. गावकीचे अध्यक्ष बाबाजी घरून खुर्ची घेऊन आले आणि चारही पाय रस्त्यात राहतील अशी बेतानं मांडून बसले.

"मोबाईल, त्या शेरीफ फौजदाराला इचार, चावी एकच व्हती काय?"

"तीन होत्या," क्रांती म्हणाली.

"बघा!" बाबाजींनी मांडीवर थाप मारली. "आणि एक असली तरी काय? चावीनं आग लागते? चावीनं दार उघडतं. डोकी हायेत का खोकी त्या लोकांची?"

क्रांतीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं दाराकडे पाहिलं. आत येसाजी दोरी वळत बसला होता. दोरी थांबली होती. इतके दिवस ती नुसती गंमत म्हणून भाग लावत होती. आता तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती : गावाच्या डोक्यात हा उजेड अलाबामाहून घरापर्यंत कधी येतो.

शेवटचा भाग यायला आठवडा होता, आणि गावाला तेवढा धीर नव्हता. कौल लावायचं ठरलं. देवीच्या अंगाला उजवीकडे एक, डावीकडे एक फूल चिकटवायचं आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवं आधी पडलं तर होय.

सदा गुरवानं शंका काढली. "देवीची शीव वहाळाच्या पाण्यापर्यंत. अलाबामा वहाळाच्या कुठल्या अंगाला?"

"पलीकडच्या," बाबाजी म्हणाले. "जरा लांब. तू घाल गाऱ्हाणं, ती बघून घेईल."

साक्षीदार म्हणून मोबाईल हजर हवा. तो ताटात ठेवला. ताट धरायला कुणीतरी हवं, म्हणून क्रांती. अशा रीतीनं येसाजीच्या घरचं माणूस सहा वर्षांनी देवळात शिरलं, मोबाईलच्या सोबतीला.

"आई," सदानं सुरुवात केली, "तुजा लेकरू वेन, मुक्काम टॅलबर्ट, त्याच्या हातून चर्च जळलेला नसंल, तर उजवा दे."

उजवं फूल पडलं. बाया रडल्या. बाबाजींनी टोपी काढून डोळे पुसले. "छत्तीस वर्षं. एका माणसाची छत्तीस वर्षं खाल्ली त्यांनी."

"आता दुसरा कौल लावा," क्रांती म्हणाली. "टोपाचा."

बाबाजी ताटाकडे वळले. "मोबाईल, एका दिवशी एकच कौल लागतो."

"पाच लागतात," सदा म्हणाला. बाबाजींनी त्याच्याकडे पाहिलं. "चार तरी लागतात," सदा म्हणाला.

"तो विषय येगळा हाय. हितं चावी व्हती."

"वेनकडे पण चावीच होती, बाबाजीकाका."

बाबाजींनी ताटावरची नजर काढली. मग पहिल्यांदाच ते क्रांतीच्या तोंडाकडे बघून बोलले. "पोरी, वेनला आपण वळखत न्हाय. म्हणून त्याचं खरं वाटतं. तुज्या बापाला लहानपणापास्नं वळखतो."

क्रांती ताट घेऊन घरी आली. येसाजी दारातच उभा होता.

"सुटला?"

"सुटला."

"बरं झालं. म्हातारा माणूस." तो आत गेला, खिळ्यावरची भांड्यांच्या खोलीची चावी काढून आणली आणि शेंगांच्या टोपलीवर ठेवली. "तुला विंग्रजी येतं. लिही."

क्रांतीनं येसाजीच्या नावानं लिहिलं :

*प्रति,*
*मा. शेरीफसाहेब व समस्त गावकी, मु. टॅलबर्ट, राज्य अलाबामा.*

*विषय : गुन्ह्यांची अदलाबदल करणेबाबत.*

*महोदय,*

*आपल्याकडील वेन यांचे प्रकरण आमच्या देवीने एका सकाळी निकाली काढले असून ते निर्दोष आहेत. सबब परतफेड म्हणून आमचे टोपाचे प्रकरण आपल्या चर्चमध्ये चालवावे, ही विनंती. तेथे मला कोणी ओळखत नसल्याने न्याय मिळण्यास अडचण येऊ नये. चावी सोबत जोडली आहे. निकालाची प्रत शिमग्याच्या आत आमच्या गावकीस पाठवावी.*

*सदर निकालास विलंब होणार असल्यास वेन यांना शिमग्यापुरते आमच्या घरी पाठवावे. पालखी दारावरून पुढे जाते त्या वेळी दारात शेजारी उभे राहण्यास माहितगार माणूस हवा आहे. येताना बटाटे आणू नयेत, आमच्याकडे आहेत.*