दोमितिलाची नजर

"ढुंगण इकडे कर रे, लाजतोस काय!"

सासूबाई कोंबडीच्या पिल्लाला दटावत होत्या. त्याच्या मागच्या बाजूला विष्ठा वाळून घट्ट बसली होती. तशीच राहिली तर आतली वाट बंद होते आणि पिल्लू मरतं. कोमट पाण्यात भिजवलेल्या चिंधीनं त्या ती हलकेच मऊ करत होत्या, ओढत नव्हत्या. शेवटी बोटावर तेल घेऊन लावलं आणि त्याला खाली सोडलं.

"जा. मोकळा झालास आता."

माझ्या सासूबाईंचं नाव ओतिलिया. आमच्या वस्तीत माणूस आजारी पडलं की लोक सुचितोतो गावच्या दवाखान्यात जातात आणि पिल्लू आजारी पडलं की आमच्या घरी येतात. चुलीजवळची उबेची जागा कायम कुणाच्या तरी खोक्यानं अडवलेली. मी कुरकुर करते, पण ऐकतंय कोण!

त्या नोव्हेंबरात उत्तरेचं गार वारं सुटलं होतं. आमच्याच कोंबडीची पिल्लं पाय फाकवून बसायला लागली. उभं राहायला गेलं की एक पाय इकडे, दुसरा तिकडे. चूक सासऱ्यांची. त्यांनी खोक्यात गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं होतं.

"वाचायला दिलात होय त्यांना पेपर?" सासूबाई कडाडल्या. "अहो लेंचो, त्या कागदावर तुम्ही तरी उभे राहाल का?"

त्यांनी कागद काढून गोणपाट घातलं. मग प्रत्येकाचे पाय सरळ धरून, मध्ये बोटभर अंतर ठेवून लोकरीनं सैलसर बांधले. घरात एकच लोकर होती, माझ्या लेकीच्या स्वेटरची उरलेली. लाल.

त्याच दुपारी दोमितिला कॉफीला आली. ती आमच्या कुंपणापलीकडे राहायची आणि रोजच्या येण्याजाण्यानं तिनं कुंपणाला एक भोक पाडलं होतं. उंच, सडपातळ, विधवा, ग्वासापा डोंगराच्या पलीकडून आलेली. तिची नजर जड आहे असं सगळी वस्ती म्हणायची. अशी नजर लागली की तान्ह्या बाळाला ताप भरतो, पिल्लू मान टाकतं. ती रस्त्यानं निघाली की बायका मुलांची तोंडं छातीशी लपवायच्या, नजर लागू नये म्हणून त्यांच्या मनगटावर बांधलेला लाल दोरा जागेवर आहे ना ते चाचपायच्या. वाईट म्हणजे तिलाही ते खरं वाटायचं. बोलताना ती जमिनीकडे बघायची. एका आमच्या स्वयंपाकघरात काय ती मान वर करायची.

तिनं खोक्यात डोकावलं. काही क्षण तशीच वाकून राहिली.

"छान केलंस," ती म्हणाली आणि अर्धा कप तसाच ठेवून उठली. "मका सोलायचा राहिलाय गं."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"वाऱ्यानं सर्दी झाली असेल," सासूबाई म्हणाल्या.

"सर्दी कसली!" सासरे हसले. "ती येते त्याच घरात तू पिल्लांना लाल दोरे बांधलेस. मी तरी आलो असतो का?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. आम्ही आपले पिल्लांचे पाय बघत होतो, रंग कुणी बघितला! त्यांनी तसंच खोकं उचललं आणि त्या कुंपणातून वाकून पलीकडे गेल्या. मीही गोड सेमितापावाचा तुकडा हातात घेऊन मागोमाग.

दोमितिला दारात कणसं सोलत होती.

"अगं दोमी, पाय फाकले होते म्हणून बांधलेत."

"कळतं मला. मी काय कोंबड्या पाळल्या नाहीत? दुसरी एखादी चिंधी नव्हती घरात?"

"सुचलं नाही."

"तेच म्हणते मी. सुचली ती लालच."

सासूबाईंना खोटं बोलता येत नाही आणि जे खरं होतं ते बोलून झालं होतं. त्यांनी खोकं तिच्या मांडीवर ठेवलं.

"आज तुझ्याकडे राहू देत. उद्या सकाळी दोरे तूच काप."

"डोकं फिरलंय का तुझं? एखादं मेलं तर?"

"माझ्याकडे काय कमी मेलीत?"

"तुझ्याकडे मेलं तर पिल्लू मेलं, ओतिलिया. माझ्याकडे मेलं तर मी मारलं."

"बघ त्यांच्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "पोटभर बघ." आणि मागे न वळता चालू लागल्या. मला मात्र धाकधूक वाटत होती. काही बरंवाईट झालं तर ही बाई पुन्हा आमचं तोंडसुद्धा बघणार नाही, हे मला दिसत होतं.

सकाळी ती कुंपणातून आली. खोकं खाली ठेवल्याबरोबर पिल्लं बाहेर पडून तुरुतुरु पळायला लागली, पाय कसे सरळ! पण तिचा एक हात अॅप्रनमध्ये होता.

"हे गेलं," तिनं हात पुढे केला. "मी नव्हते गं बघत. पण ते सारखं माझ्याकडेच यायचं."

सासूबाईंनी मेलेलं पिल्लू उताणं केलं आणि पोटावरची लव फुंकरीनं बाजूला सारली.

"इकडे ये. बघ ही बेंबी."

पोट फुगलेलं होतं. बेंबी मिटलीच नव्हती, काळीलाल झाली होती. वासही येत होता.

"अंडं घाणीत पडलं होतं बहुतेक. हे बाहेर आलं तेव्हापासून आतून सडत होतं. याला औषध नाही. तू नाही, देवानं बघितलं असतं तरी गेलंच असतं. मलाच आधी दिसायला हवं होतं, मी मेली पाय बघत बसले."

दोमितिला खाली वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग बाकावर बसली.

"माझ्या पोरीच्या बेंबीला असाच वास यायचा."

तिला मुलगी होती हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

"शेतातच झाली. सासूनं मक्याच्या कोयत्यानं नाळ कापली. आठवडाभर जगली. सासू म्हणाली, डोळे भरून बघत होतीस ना, तूच खाल्लंस तिला." तिनं अॅप्रननं हात पुसले. "बघत तर होतेच गं. दिवसरात्र बघत होते."

"आई नाही बघणार तर कोण बघणार?" सासूबाई म्हणाल्या. मी सरळ रडायला लागले.

मी कॉफी ओतली. दोमितिलानं कप हातात घेतला, पण प्यायली नाही.

"नाक माझ्यावर गेलं होतं तिचं," ती म्हणाली. "केस बापाचे, कुरळे. आणि झोपेत एक भुवई अशी वर करायची."

तिनं स्वतःची भुवई वर करून दाखवली. मग कपाळ कसं होतं, हनुवटी कशी होती, कानामागे बारीकसा तीळ कुठे होता, सगळं सांगत बसली. कॉफी तशीच निवून गेली.