तरंगलेलं अंगडं

जत्रेच्या दिवशी संत गेवेनच्या झऱ्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या लोकेवेन गावची ही जुनी चाल: आजारी लेकराचं अंगडं कुंडात सोडायचं. तरंगलं तर लेकरू जगतं, बुडालं तर जातं. देवळाची राखण करणारी पेरीनमावशी ते आधी आत नेऊन संताच्या पायाला लावून आणायची, आणि तिच्या राज्यात एकही अंगडं बुडालं नव्हतं. नवसाच्या लोण्याच्या गोळ्यांनी वेदी भरून गेली होती. संत जागा झालाय, असं मावशी सांगे. इतकी वर्षं काय घोरत होता कोण जाणे.

नोल्वेनच्या आजारी पोराचं, एर्वानचं, अंगडंही तरंगलं. रीतीप्रमाणे तिनं ते ओलंच त्याला घातलं आणि निर्धास्त झाली.

संध्याकाळी तिच्या घरी ओदिलबाई आल्या. त्या सरकारी शाळेतल्या शिक्षिका. तिथं धर्म शिकवत नसत, म्हणून पाद्रीबाबा त्या शाळेला सैतानाची शाळा म्हणत. पोराचा श्वास घरघरत होता, घशात पांढरा पडदा धरला होता. घटसर्प.

"डॉक्टरांना आण. आज घटसर्पावरचं इंजेक्शन टोचलं तर वाचेल."

"संतानं कौल दिलाय बाई. आता डॉक्टर कशाला?"

बाईंचा हात अंगड्यावर गेला. कोबीच्या पानावर उभे राहावेत तसे पाण्याचे थेंब त्यावर उभे होते. नखानं खरवडलं तर मेण निघालं, देवळातल्या मेणबत्त्यांचं.

बाईंनी नोल्वेनला दुसरं, कोरं अंगडं घेऊन झऱ्यावर ओढत नेलं. सगळ्यांदेखत ते कुंडात सोडलं. ते तळाला गेलं. मावशीची लबाडी उघडी पडली म्हणून बाईंना हायसं वाटलं, पण नोल्वेन म्हणाली,

"म्हणजे माझं पोर जाणार."

बाईंनी अंगातलं जाकीट काढून पाण्यात टाकलं. तेही बुडालं.

"बघ, मी मेले का?"

"सैतानाच्या शाळेचं कापड संत कशाला उचलेल?" मावशी म्हणाली, आणि लोक हसले.

नोल्वेननं अखेरच्या प्रार्थनेसाठी पाद्रीबाबांना बोलावलं. डॉक्टरांकडे बाई स्वतः सायकलवरून गेल्या. डॉक्टर इंजेक्शन घेऊन पोचले तेव्हा पाद्रीबाबा घरातून बाहेर पडत होते. एर्वान गेला होता.

मावशीला देवळातून काढलं. पण गावानं धडा काय घेतला? मेणाचं अंगडं खोटं बोललं, कोरं खरं बोललं. पुढच्या जत्रेला दुप्पट गर्दी, आणि प्रत्येकीच्या हातात धुऊन स्वच्छ केलेलं अंगडं.

अरे, कापड पाणी पितं म्हणून बुडतं आणि मेण पाणी लागू देत नाही म्हणून तरंगतं, एवढंच त्यात आहे. पोराच्या घशात काय झालंय हे कुंडाला कसं कळणार? घसा धरला की दवाखान्याकडे धावा. अंगडी वाळत घाला, पोरांना पुन्हा घालायची आहेत.