राजसीच्या सिद्धांताचा निकाल

मुलगा आणि सून भांडलेत, अशी अंबरनाथच्या मालिनीताईंची खात्री पटली होती. दोघंही विश्वाचा अभ्यास करणारे, एकाच घरात राहणारे, आणि तरी गेले काही महिने जेवताना बोलायचे ते फक्त आमटीबद्दल.

कारण वेगळंच होतं. सुनेने, राजसीने, एक सिद्धांत मांडला होता: फार मोठ्या अंतरांवर गुरुत्वाकर्षण आइनस्टाइनच्या सूत्रापेक्षा किंचित जास्त ओढतं. तसं असेल तर दीर्घिकांचे, म्हणजे गॅलेक्सींचे, पुंजके अपेक्षेपेक्षा लवकर जमलेले दिसायला हवेत. लाखो दीर्घिकांच्या नकाशावर हे तपासणाऱ्या टीममध्ये नेमका तिचा नवरा अनीश होता. मनासारखं उत्तर काढायचा मोह कोणालाच होऊ नये म्हणून टीमने खरे आकडे स्वतःपासूनही झाकून ठेवले होते. तपासणीची पद्धत पक्की झाल्यावरच ते उघडायचे. तोवर घरी हा विषय काढायचा नाही, असं दोघांनी ठरवलं होतं.

मालिनीताईंना यातलं काही माहीत नव्हतं. एका रविवारी त्यांनी दोघांना पडद्यांचं कापड आणायला उल्हासनगरच्या कॅम्प चारच्या बाजारात पिटाळलं. येताना तिथलं सिंधी दाल-पकवान खाऊनच या, असंही बजावलं. आकडे उघडायची ऑनलाइन मीटिंग नेमकी त्याच सकाळी होती.

अनीश कानात इअरफोन घालून दुकानाच्या पायरीवर बसला. आत दुकानदार ठाण उलगडत होता, पण राजसीचं रंगांकडे लक्षच नव्हतं. थोड्या वेळाने अनीश आत आला. त्याचा चेहरा पाहूनच तिला कळलं.

"शून्य," तो म्हणाला. "जास्तीची ओढ कुठेच नाही. आइनस्टाइन जसाच्या तसा."

दाल-पकवानच्या गाडीपाशी तिने दोन प्लेट सांगितल्या. तिचं कित्येक वर्षांचं काम होतं ते. मग तिने विचारलं, दूरचा प्रकाश वाटेत किती वळतो, त्यावरूनही हेच निघालं का. हेच निघालं होतं. चूक कुठे राहिली असेल, हे तिने खोदून खोदून विचारलं. प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होतं.

"मग गेला माझा सिद्धांत," ती म्हणाली आणि पकवानाचा तुकडा मोडला. "पण नीट तपासून गेला."

रिक्षात तिला थोडं रडू आलं. अनीशने समजूत घातली नाही, नुसता हात धरून ठेवला. घराचा जिना चढताना मात्र दोघं तावातावाने बोलत होते: गुरुत्वाकर्षण बदलत नसेल, तर विश्व वाढत्या वेगाने फुगतंय ते कशामुळे? मालिनीताईंना अर्थ लागला नाही, पण दोघं पुन्हा बोलतायत हे ऐकून त्यांनी खुशीत चहाचं आधण ठेवलं.

त्या दुपारी राजसीला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.