चादरीआडचा सामना

बायकोची, योक लानची, फुलाफुलांची चादर दोन खिळ्यांवर ताणून लिओंगने तिला कपड्यांचे चिमटे लावले आणि मागे सरून पाहिलं. खालून यंत्रांचे पाय दिसत होते. त्याने चादर वीतभर खाली ओढली.

"ती धुतलेली होती," योक लान दारातून म्हणाली.

"अजूनही धुतलेलीच आहे."

"तुझे हात लागायच्या आधी होती."

महिन्यातून एका रविवारी, न्याहारीनंतर, चार म्हातारे या माडीवर जमत आणि ऐकत. नियम एकच. यंत्रं चादरीआड ठेवायची, तेच गाणं दोनदा लावायचं, एकदा या यंत्रावर, एकदा त्या. मग हात वर करायचे, पहिलं की दुसरं. नाव, घराणं, किंमत, काही सांगायचं नाही. लिओंगने स्वतः बांधलेल्या सीडी वाजवायच्या पेट्या गेली कित्येक वर्षं अशाच जिंकत आल्या होत्या. जाड ॲल्युमिनियमच्या त्या पेट्या उचलायला दोन माणसं लागत. तिन्ही मित्रांच्या घरी त्यातली एकेक होतीच, आणि मलेशियातल्या त्यांच्या इपोह शहरात आवाजाचा शौक असलेल्या कुणालाही विचारा, लिओंगच्या पेटीचं नाव तो जरा मान वाकवूनच घेई.

आज मात्र पेटीच्या शेजारी पत्त्यांच्या जोडाएवढा एक उघडा बोर्ड ठेवलेला होता. एवढ्याशा जागेत अख्खा संगणक. दुकानातून आणला तेव्हा त्याला सगळंच येत होतं: चित्रपट दाखवणं, खेळ, पत्रं लिहिणं. लिओंगने ते एकेक करून बंद केलं. पडदा नको, पंखा नको, फिरणारं काही नको. शेवटी त्याच्याकडे एकच काम उरलं. आतल्या खोलीतल्या साठ्यातून वायरवरून गाणं घ्यायचं आणि यूएसबीतून डॅककडे, म्हणजे आकड्यांचे सूर करणाऱ्या यंत्राकडे, जसंच्या तसं सोपवायचं. अध्येमध्ये बोट घालायचं नाही. इतकं निर्मळ काम करणारं यंत्र लिओंगने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्याचा त्याला हेवाही वाटत होता. एवढी गुणी वस्तू मोबाईलच्या चार्जरवर चालवणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्याने तिच्यासाठी विजेचा वेगळा पुरवठा स्वतः बांधला होता.

हे सगळं कौतुक खरं की म्हातारपणीचं वेड, हे त्याला आज कळायला हवं होतं. पेटीत बसणारी तबकडी फिरवायची यंत्रणा आता कुठे बनत नव्हती. शेवटची एक त्याच्या कपाटात होती. ती वापरून आणखी एक पेटी बांधायची, की हत्यारं गुंडाळून ठेवायची, याचा निकाल स्वतःच्या कानांनी लावणं त्याला शक्य नव्हतं. वर्षभरापासून झांजेचा वरचा चुरचुरता भाग त्याला ऐकूच येत नव्हता. हे एकट्या योक लानला माहीत होतं, कारण किटलीची शिटी वाजून वाजून पाणी आटलं तरी तो शेजारी बसलेला असे. म्हणून निकाल मित्रांच्या कानांवर सोडलेला होता. मित्रांना मात्र त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

तिघं आले. डॉक्टर खू, दातांचा डॉक्टर, आता निवृत्त. झुल्किफ्ली, सगळ्यांचा झुल, ज्याने उभा जन्म रेडिओवर बातम्या वाचल्या आणि जो अजूनही कॉफी मागताना बातमी दिल्यासारखी मागत असे. आणि शिवनेसन, रेल्वेच्या सिग्नलवर होता. योक लानने पांढरी कॉफी आणि काया, म्हणजे नारळ-अंड्यांचा गोड मुरंबा, लावलेला पाव ठेवला, आणि तुमचे म्हाताऱ्यांचे खेळ चालू द्या म्हणून ती खिडकीपाशी शेंगा निवडत बसली.

एरवी पेटी तिची पाळी आली की चालू होई, आज मात्र ती पहाटेपासून चालू होती. यंत्र गरम असल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलू नये म्हणतात, आणि आजच्या निकालात लिओंगला कसलीही सबब नको होती. बोर्डाला गरम व्हायची गरज नव्हती, म्हणून तो बंद ठेवलेला होता.

आधी पेटी लागली. कॅन्टनीज गाणारी एक बाई, मागे पियानो, आणि झांजेवर अलगद फिरणारा ब्रश. तिघांनी डोळे मिटून घेतले. गाणं संपलं. लिओंगने चादरीआड हात घालून बोर्डाचं बटण दाबलं. क्षणभराने आतून बारीकसं टक् झालं. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग तीच बाई तेच गाणं गाऊ लागली.

"पहिलं?" लिओंगने विचारलं.

कुणाचा हात हलला नाही.

"दुसरं?"

तिन्ही हात वर गेले. झुलने तर दोन्ही केले.

लिओंगला इतका आनंद झाला की चिमटे काढायचंही त्याला सुचलं नाही. त्याने चादर ओढली तशी ती अर्धी फाटली. योक लानने तिकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगांना हात घातला. त्याने बोर्ड तळहातावर घेऊन तिघांपुढे धरला.

"हे. हे होतं दुसरं."

तो आश्चर्याची वाट पाहत होता. तिघांचे चेहरे मात्र पडले. शिवनेसनने डॉक्टरकडे पाहिलं.

"पण टक् झालं ना," झुल म्हणाला.

"कसलं टक्?"

डॉक्टर खूने झुलच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. शिवनेसनने कॉफीचा कप खाली ठेवला आणि सरळ सांगून टाकलं. लिओंगच्या पेटीत वीज हळू सोडणारा एक रिले असतो, तो सुरुवातीला टक् करतो. ते टक् त्या तिघांच्या घरी रोज होतं. डोळे मिटले तरी ओळखू येतं.

लिओंगला उमगलं. तसलाच रिले त्याने बोर्डाच्या पुरवठ्यातही बसवला होता, सवयीने. आणि पेटीचं टक् पहाटेच होऊन गेलं होतं.

"म्हणजे हात टक् ऐकून वर गेले," तो म्हणाला. "आजच?"

डॉक्टर चष्मा पुसू लागला.

"नेहमी नाही रे," झुल म्हणाला. त्याचा बातम्यांचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "आधी आधी खरंच ऐकायचो. तुझी पेटी चांगलीच असायची. मग काय, टक् झालं की आपला माणूस म्हणून हात जायचा वर."

लिओंग खुर्चीच्या हातावर टेकला. इतक्या वर्षांच्या जिंकण्यातलं खरं किती आणि मायेचं किती, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. त्याला लाज वाटली, आणि चौघांत बसूनही फार एकटं वाटलं.

"मला झांज ऐकू येत नाही," तो म्हणाला. "वर्ष झालं. म्हणून तुमचे कान मागितले होते. आणि तुम्ही माझे लाड करत बसलात."

 योक लानने सुपातल्या शेंगा बाजूला ठेवल्या, हात पुसले आणि ती उठली.

"दोन्ही चालू कर," तिने नवऱ्याला सांगितलं. "ते टक् का फिक् काय व्हायचं ते आत्ताच होऊन जाऊ दे. आणि कुठलं बटण कशाचं ते मला दाखव आणि जाऊन बस त्यांच्यात. कोणतं आधी लावायचं ते माझं मी ठरवीन."

लिओंग मित्रांच्या रांगेत जाऊन बसला. स्वतःच्या यंत्राचा निकाल तो आजवर कधी तिथून ऐकायला बसला नव्हता. फाटकी चादर पुन्हा टांगली गेली. गाणं एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. या खेपेला ऐकताना शिवनेसनच्या कपाळावर आठ्या होत्या आणि डॉक्टर खू, पेशंटच्या तोंडात वाकावं तसा, पुढे वाकलेला होता.

"पहिलं?" योक लानने विचारलं. "दुसरं?"

एकही हात वर गेला नाही.

"झोपलात काय सगळे?"

"मला फरक कळला नाही," शिवनेसन म्हणाला.

"मलाही नाही," डॉक्टर म्हणाला. "आणि आज मी खरंच ऐकलं, लिओंग."

झुलने नुसती मान हलवली. कळला म्हणायला त्याला फार आवडलं असतं, हे दिसत होतं.

लिओंगने पुन्हा लावायला सांगितलं. योक लानने या वेळी उलटं लावलं की तसंच, ते तिलाच ठाऊक. पुन्हा कुणाचा हात उठला नाही. लिओंग चादरीमागे गेला आणि बराच वेळ उभा राहिला. आयुष्यभर ज्या निर्मळपणासाठी त्याने जाड पत्रे कापले, बोटं भाजून घेतली, तो या एवढ्याशा बोर्डाला सहज जमला होता. आणि त्याच्या पेटीलाही जमला होता, हे आज पहिल्यांदाच कुणीतरी त्याचे लाड न करता सांगितलं होतं.

"आता पेटी बांधायची नाही," तो बाहेर येऊन म्हणाला. "हे पुरे आहे. पुरून उरेल."

"मग पलंगाखालचे पत्रेही निघू देत," योक लान म्हणाली, पण तिने त्याच्या कपात कॉफी ओतली, कुणी मागितली नसताना.

लिओंग परत रांगेत बसला.

"झांज कशी होती?" त्याने डॉक्टरला विचारलं.

"छान होती."

"छान म्हणू नकोस. छान फार वर्षं म्हणालास."

डॉक्टर गडबडला. गाणं संपल्यावर असं आठवून सांगता येत नाही, म्हणाला.

"मग चालू असतानाच सांगा."

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं. गाणं चालू असताना कुणी खाकरलेलंही लिओंगला या खोलीत कधी खपलं नव्हतं. एकदा झुलला त्याने त्यापायी जिन्यापर्यंत पाठवलं होतं.

"बोला," लिओंग म्हणाला. "मोठ्याने बोला."

योक लानने बटण दाबलं. बाई गाऊ लागली. डॉक्टर खूने घसा साफ केला.

"आत्ता," तो म्हणाला. "आत्ता ब्रश फिरला. तांदूळ सुपात पाखडल्यासारखं."

"तांदूळ कसले? वाळू आहे ती, बारीक," शिवनेसन म्हणाला. "आणि डावीकडे आहे."

"डावीकडे तुझा कान आहे. झांज मधोमध आहे, बाईच्या पाठीशी," झुल म्हणाला. "आता बघ, आता कडेवर वाजवली. लांबते आहे. अजून लांबते आहे. संपली."

"कुठे संपली? अजून आहे."

तिघांचं चांगलंच जुंपलं. पियानोही बुडाला त्यात. लिओंग डोळे मिटून, जो बोलेल त्याच्याकडे कान वळवत बसला होता. गाणं संपलं तेव्हा त्याने पुन्हा लावायला सांगितलं.