शेवटच्या पानांवाचून

मी एक जुना चौथा भाग आहे. मित्रांनो, माझ्या आधीचे तीन भाग फळीवर माझ्या डावीकडे उभे असतात. उजवीकडे भिंत आहे. गोष्ट माझ्यापाशीच संपते.

आमची गोष्ट ग्रीक पुराणातल्या देवांच्या नातवंडांची. नायिका सागरदेवाची नात. तिच्या तापट स्वभावामुळे सगळे तिला वादळ म्हणतात. पहिल्या भागात ती कोणाचेही ऐकत नाही आणि तिच्या हट्टापायी एक नाव बुडते. दुसऱ्यात ती बुडालेल्या मित्राच्या आईसमोर जाऊन उभी राहते, पण तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. तिसऱ्यात ती वल्ही मारायला शिकते आणि, त्याहून अवघड, दुसऱ्याच्या हाती वल्हे द्यायला शिकते. माझ्यात तिची स्वतःची आई मरते, आणि तिला परत आणायला वादळ पाताळात उतरते.

आम्ही चौघे एका ग्रंथालयातून रद्दीत निघालो. मुलांनी वाचून वाचून आम्हाला खिळखिळे केले होते. त्याचे मला दुःख नाही; पुस्तकाला म्हातारपण यावे तर असेच यावे. एका बुकबाइंडरने आम्हाला आपल्या मुलीसाठी घरी आणले. पुढच्या खोलीत त्याचे दुकान होते. तिथे लोखंडी दाबयंत्र, खळीचे पातेले आणि पुठ्ठ्यांची थप्पी होती. तो म्हणायचा, "लोक गाइडला कापडी बांधणी मागतात आणि गोष्टीच्या पुस्तकाला चिकटपट्टी लावतात. म्हणून जग असं आहे."

मागच्या खोलीत त्याची बायको आजारी होती. तो एकेक भाग बांधायचा आणि मुलीला मोठ्याने वाचून दाखवायचा. आई आतून ऐकायची. एकदा तिने हाक मारून सांगितले होते, "वादळ वादळ काय करता, ही तर आपलीच कार्टी आहे."

माझी पाळी येईपर्यंत आई राहिली नाही.

मित्रांनो, पुस्तक शिवण्याआधी त्याचे फर्मे क्रमाने लावतात. फर्मा म्हणजे एकात एक दुमडलेल्या पानांची जुडी. क्रम बरोबर आहे ना हे पाहायला आमचा बाइंडर प्रत्येक फर्म्याची पहिली आणि शेवटची ओळ वाचायचा. त्या दिवशी माझ्या शेवटच्या फर्म्याशी येऊन तो थांबला आणि त्याने तो उभ्याउभ्या पूर्ण वाचला. ब्रशवरची खळ सुकून गेली. मग तो फर्मा त्याने कागदात गुंडाळून दाबयंत्राच्या खाली सरकवला आणि मला त्याच्यावाचून शिवले. निळे कापड, ताठ पाठ, सोनेरी अक्षरे. इतके सुबक काम त्याने कधी केले नसेल. मी देखणा झालो आणि अपुरा राहिलो.

माझा शेवट तेव्हापासून असा होता. पाताळाची राणी वादळला म्हणते, "हात सोडला नाहीस तर तुझी आई तुझ्याबरोबर वर येईल, मात्र दर पायरीला तिला तिचे दुखणे पुन्हा भोगावे लागेल." वादळ आईचा हात घट्ट धरते आणि पहिली पायरी चढते. पुढे कोरा पुठ्ठा.

"शेवटची पानं गळालीत," बाबांनी मुलीला सांगितले. "जुन्या पुस्तकांचं असं होतं. पण मला ठाऊक आहे पुढचं." मग त्यांनी मनानेच रचले. वादळ आईला ओढत ओढत उजेडात आणते आणि सगळे आनंदाने राहतात.

मुलीने कोऱ्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "बाबा, हे पहिल्या भागातल्या वादळनं केलं असतं. आता नाही ती असं करणार."

"मग काय करेल?"

तिने मला मिटले आणि ती ताटे घासायला उठून गेली. दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. दुसरी प्रत शोधणे तिला अवघड नव्हते. तिने शोधली नाही.

मुलगी मोठी झाली, नोकरीसाठी लांब गेली. बाबा फळी पुसत. पहिले तीन भाग काढून पुसत, मला मात्र जागच्या जागी फडके लावत. मित्रांनो, धूळ सोसते. पण माझ्या आत त्या दोघी पायऱ्यांवर उभ्या होत्या, आणि त्यांना वरही जाता येत नव्हते, मागेही.

मग बाबांना आईचाच आजार झाला. मुलगी परत आली. तिने त्यांचा पलंग दुकानात हलवला, कारण त्यांना रस्ता दिसायला हवा होता. उपचारांच्या प्रत्येक फेरीनंतर ते थोडे अधिक लहान होऊन येत. डॉक्टर म्हणाले, आणखी एक फेरी करून बघता येईल, खात्री काहीच नाही. आत्या म्हणाली, प्रयत्न सोडायचा नसतो, उद्या लोक काय म्हणतील. मुलीने बॅग भरली. बाबा नको म्हणत होते आणि ती त्यांचे मोजे शोधत होती.

"दाबयंत्राखाली एक पुडकं आहे," बाबा म्हणाले. "ते वाच. मग म्हणशील तिथे येतो."

तिने कागद सोडला. पहिली ओळ पाहताच तिने ओळखले. ती खुर्चीवर बसून मोठ्याने वाचू लागली. बाबा डोळे मिटून ऐकत होते.

वादळ सात पायऱ्या चढते. आठव्या पायरीवर ती पहिल्यांदाच मागे वळून आईच्या चेहऱ्याकडे बघते. मग खाली बसते, आईची बोटे एकेक करून सोडवते, आणि एकटी वर जाते.

"तुझ्या आईला मी ओढत नेलं गं," बाबा म्हणाले. "ती नको म्हणत होती. मला तेव्हा पहिलाच भाग कळला होता."

 सापडलेले मोजे मुलीच्या मांडीवर पडले होते. थोड्या वेळाने तिने ते बाबांच्या पायांत घातले, कारण पाय गार पडले होते. बॅग मात्र तिने रिकामी केली. आत्या महिनाभर तिच्याशी बोलली नाही.

बाबा त्याच पलंगावर, रस्त्याकडे बघत गेले.

मित्रांनो, मी एक गोष्टीचे पुस्तक आहे. माझ्यामुळे ती बरोबर वागली की चूक, हे मला सांगता येत नाही. तिलाही येत नसावे. काही दुपारी ती मला काढते, आठव्या पायरीचे पान उघडते आणि न वाचता मिटते.

दुकान रिकामे करण्याआधी तिने माझी पाठ उसवली आणि तो फर्मा आत शिवला. बाबांची सुई, बाबांचा मेणलेला दोरा. लहानपणी नुसते बघून शिकलेले हात होते ते, त्यामुळे शिवण वाकडी आली. अंधारात राहिलेली ती पाने बाकीच्यांहून पांढरी आहेत आणि कडेला जरा बाहेर येतात.

तुमच्या घरीही एखादे फाटके पुस्तक असेल. त्याची सुटलेली पाने टाकू नका, आवडली नाहीत तरी. आणि कधी मी तुमच्या हाती आलो, तर माझी कड कापून सारखी करू नका. ती तशीच बाहेर राहू द्या.