ऑरिला पेकला विचारा

मला वाटलं होतं, मला भांडावं लागेल. स्कॉटलंडमध्ये इतिहास शिकून मी अमेरिकेच्या सपाट आयोवा राज्यातल्या आमच्या गावी, विलोबीला परतले तेव्हा डोक्यात एकच ध्यास होता: आमच्या टॅनर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जुन्या जाडजूड इतिहासात ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचा इतिहास लिहायचा. तो ग्रंथ १८८३ सालचा. त्यात पहिल्या वसाहतकऱ्यांची चरित्रं आहेत, पण ज्यांनी आगाऊ पैसे भरून प्रती नोंदवल्या त्यांचीच, आणि तीही त्यांनी स्वतः सांगितलेली. त्यामुळे सगळे दाढीवाले, सगळे धीरोदात्त, आणि बायका असल्या तर शेवटच्या ओळीत. गावातले लोक पणजोबांची बाजू घेऊन माझ्यावर तुटून पडतील, अशी माझी तयारी होती. प्रत्यक्षात इतिहास मंडळाचे अध्यक्ष ड्वेनकाका यांनी संग्रहालयाची किल्ली माझ्या हातात ठेवली, "पंखा अडकला तर वरून एक थापट मार," एवढं सांगितलं आणि ते मक्याची कणसं आणायला निघून गेले.

कुणाला मला काही विचारायचंच नव्हतं. भांडायला निघालेल्या माणसाला याहून वाईट काही नाही.

मग मी दफनभूमीच्या फेरीकडे वळले. दर सप्टेंबरात आमची माणसं जुने कपडे घालून एकेका थडग्यापाशी उभी राहतात आणि त्या माणसाचं चरित्र 'मी' म्हणून सांगतात. लोक हातात कॉफी घेऊन एका थडग्याकडून दुसऱ्याकडे जातात, वाटेल ते प्रश्न विचारतात. आपल्याच पूर्वजासाठी उभं राहायचं नाही, एवढा एकच जुना नियम. मी दुसरा नियम आणला: पुराव्याने माहीत असेल तेवढंच बोलायचं, नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणायचं.

"आणि गप्प बसणारा मेलेला बघायला कोण येणार गं मारित पोरी?" ड्वेनकाका म्हणाले.

"काका, तुम्ही फेरीत जज्ज व्हीलॉक झालात तेव्हा त्यांचा घोडा पुरात पोहत गेला म्हणून सांगितलंत."

"गेला असेल की. तू होतीस तिथे?"

"तुम्ही होतात?"

मंडळाच्या बैठकीत हशा पिकला आणि त्या हशातच माझा नियम मंजूर झाला.

त्या वर्षी माझ्या हट्टाने ऑरिला पेक हे नाव फेरीत आलं. तिच्या नवऱ्याचं, एझ्राचं चरित्र ग्रंथात दोन पानं आहे. तिच्याबद्दल एवढंच की 'त्यांना सुस्वभावी पत्नी लाभली होती.' जनगणनेतून मला इतकंच मिळालं की ती पूर्वेकडच्या डोंगराळ व्हरमाँट राज्यातली, आणि चाळिशीच्या आत गेली. तिच्यासाठी उभं राहायला मी लव्हॉनबाईंना विचारलं. निम्म्या गावाने त्यांच्याकडे पियानोचे धडे घेतले होते, मीही. आणि त्या कधी खोटं बोलत नसत, आईबापांच्या तोंडावरही नाही. "तुमच्या मुलाला सुराचा कान नाही, त्याला फुटबॉलला घाला," असं त्या शांतपणे सांगत. माझ्या नियमाला याहून योग्य माणूस नव्हता.

पहिल्या तालमीला आम्ही दोघीच होतो. बाईंनी करड्या कापडाचा जुना झगा घातला, थडग्याच्या डाव्या अंगाला उभ्या राहिल्या आणि मी दिलेली चार वाक्यं नीट म्हटली. मी प्रेक्षक झाले. नियमाची परीक्षा म्हणून उगाच विचारलं, "ऑरिलाबाई, तुमची विहीर कुठे होती?"

"घराच्या पश्चिमेला, उतारावर. आधी पूर्वेला खणली, पण तिथे पाणी खारट लागलं."

"बाई," मी हसले, "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं."

"हो. ठरलंय ना तसं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर्गात चुकीचा सूर लागल्यावर पाहत तसं. "म्हणून माहीत आहे ते सांगितलं."

पेकांची ती जमीन आता कर्ट नावाचा शेतकरी कसतो. तिथे सोयाबीन आहे, घराची खूणसुद्धा उरलेली नाही. मी त्याला फोन करून पश्चिम उतारावरच्या विहिरीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "वसंतात पेरणीच्या यंत्राचं चाक खचलं ते त्याच उतारावर. खाली दगडी गोल बांधकाम लागलं. मी बुजवून टाकलं. तुला कोण बोललं?"

भीती वाटायला हवी होती. मला वाटला तो आनंद, आणि तो इतका की मी रात्रभर पुढचे प्रश्न रचत बसले. जिच्याबद्दल एका ओळीपलीकडे कुणी काही लिहिलं नव्हतं ती बोलत होती, आणि माझ्याशी बोलत होती. त्यानंतर मी रोज दुपारी बाईंच्या घरी जाऊ लागले. त्या पियानोशेजारच्या खुर्चीत बसत, झगा नसे, थडगं नसे. मी 'ऑरिलाबाई' म्हटलं की उत्तरं येत. एक मुलगी जन्मून आठवडाभरात गेली, तिचं नाव थँकफुल. मी दफनभूमीत जाऊन बाईंनी सांगितलेल्या जागी गवताचा थर खरवडला, तर खाली वीतभर दगड निघाला आणि त्यावर ते नाव. मी तिथेच मातीत बसून रडले.

कधी कधी उत्तर यायचंही नाही. "एझ्राने दुसरं लग्न केलं तेव्हा?" असं विचारलं की त्या म्हणत, "माहीत नाही. मी नव्हते." आणि माझा विश्वास आणखी घट्ट होई.

वेगळं असं पहिल्यांदा जाणवलं ते कॉफीच्या वेळी. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. जाऊन पाहिलं तर एकेक कपाट उघडून त्या आत बघत होत्या, परक्या घरात पाहुण्याने बघावं तशा, संकोचून. "कप कुठे असतात?" त्यांनी विचारलं. मी दिले. वय झालं, असं मी मनाशी म्हटलं. पुढच्या आठवड्यात पियानोवरच्या फोटोतल्या, हातात मासा धरून हसणाऱ्या त्यांच्या नवऱ्याकडे बोट दाखवून मी सहज म्हणाले, "मर्लकाकांनी हा कुठे पकडला हो?"

बाईंनी फोटोकडे शांतपणे पाहिलं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. आणि मग, नियम पाळावा तसं, "हे कोण, तेही माहीत नाही."

ड्वेनकाकांनी त्यांना दवाखान्यात नेलं. तपासण्यांत काहीच निघालं नाही. परतताना काका मला म्हणाले, "गाडीत अख्ख्या रस्त्याने ती मला व्हरमाँटच्या डोंगरांबद्दल सांगत होती. लव्हॉनने आयुष्यात डोंगर पाहिलेला नाही, मारित. तू आता पुरे कर."

मी हो म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं. पण फेरी चार दिवसांवर आली होती, आणि एक प्रश्न उरला होता.

फेरीच्या दिवशी बाईंच्या भोवती अशी गर्दी झाली की जज्ज व्हीलॉकसमोर कुणी उरलंच नाही. त्या हळू बोलत होत्या, नाटकी काही नाही. लोकांच्या हातातली कॉफी निवून गेली. त्या थांबल्या तेव्हा मी मागच्या रांगेतून, स्वतःचा आवाज ओळखू न येता, विचारलं, "ऑरिलाबाई, तुमचं काय राहून गेलं?"

"मला कुणीतरी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "काहीही. एवढंच."

ड्वेनकाका पुढे झाले. "झालं हो लव्हॉन, चल, सँडविच संपतील." त्या वळल्या नाहीत. काकांनी पुन्हा हाक मारली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात "ऑरिला" म्हटलं. बाईंनी लगेच त्यांचा हात धरला.

संध्याकाळी मी त्यांना घरी सोडलं. पियानोचं झाकण उघडलं, त्यांचा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. तो तिथे टेबलावर ठेवल्यासारखा पडून राहिला. त्या खोलीभर बघत होत्या. भिंतीवर त्यांच्या शिष्यांच्या रांगा, मधोमध त्या स्वतः, तरुण, लाल स्वेटरमध्ये.

"ही बाई इथे राहायची का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कशी होती?"

मी तोंड उघडलं. त्या पियानो शिकवायच्या. खोटं बोलत नसत. नवऱ्याचं नाव मर्ल. लहानपणापासून दर मंगळवारी मी या खोलीत बसत आले होते, आणि पुढे माझ्याकडे काही नव्हतं. त्या मात्र पुढे वाकून वाट बघत होत्या, मी त्यांच्यासमोर इतके दिवस बसत होते तशाच, हावरटपणे.

सकाळी मी ड्वेनकाकांच्या घरी गेले. ते अंडी तळत होते.

"मी बाईंसाठी उभी राहणार," मी म्हणाले. "त्यांच्या घरी जाणार, त्यांच्या खुर्चीत बसणार, 'मी लव्हॉन टॉफ्टी' असं म्हणणार, आणि त्यांना विचारू देणार. त्या विचारत गेल्या की उत्तर येईल. ऑरिलाचं आलं तसं. मग त्यांचं त्यांना ऐकायला तरी मिळेल."

काकांनी उलथणं खाली ठेवलं.

"आणि तू?" ते म्हणाले. "पुढे तूही लव्हॉनसारखी हरवलीस आणि कुणी मला विचारलं, ती मारित कशी होती, तर मी काय सांगू?"

"तुम्हाला काय माहीत आहे?"

त्यांनी खरंच विचार केला. कढईतली अंडी कडेने करपत गेली.

"परदेशात शिकून आली होती," ते शेवटी म्हणाले. "फार प्रश्न विचारायची."

"पुरे आहे," मी म्हणाले, आणि बाईंच्या घराकडे निघाले.